पेट-सीटीच्या प्रतिमा-पुनर्रचनेवर पीएचडी: नांदेडात बसून जमेल का?

पूर्णा_जंक्शन

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचक होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. एम.टेक.ला सिग्नल प्रोसेसिंग होतं. आता अर्धवेळ पीएचडीला नाव घालायचं आहे आणि विषय डोक्यात घोळतोय तो जोडयंत्रांचा, म्हणजे पेट-सीटी, पेट-एमआर (अंगात सोडलेलं किरणोत्सारी द्रव्य कुठं साठलं ते दाखवणारं पेट, आणि शरीररचना दाखवणारं सीटी किंवा एमआर, एकाच यंत्रात). त्यांत प्रतिमा कशी तयार होते, ती आणखी चांगली कशी करता येईल, वगैरे. माझी ढोबळ कल्पना अशी: एखाद्या हॉस्पिटलातून हजारभर पेट-सीटीच्या डायकॉम फायली, म्हणजे स्कॅनची तयार चित्रं, मिळवायच्या, त्यावर डीप लर्निंगचं मॉडेल शिकवायचं आणि धूसर पेट स्वच्छ करून दाखवायची.

गाइड म्हणाले, "विषय चांगलाय, पण तू नवीन काय करणार ते एका पानात लिहून आण." ते पान अजून कोरं आहे.

विचारायचं एवढंच. स्कॅनर जवळ नसताना हे जमतं का? गणित किती लागतं? आणि डेटा कुठून आणायचा?

उगाच_आपलं

शीर्षक वाचून वाटलं पीएचडीच्या पेट या प्रवेश परीक्षेचा धागा आहे. जुन्या प्रश्नपत्रिका मागायला आलो होतो. चालू द्या.

रेणापूर_फाटा

मी पण त्याच आशेनं आलो. आलोच आहे तर बसतो. वाखूसा (वाचनखूण साठवली).

परभणीकर

ताई, आधी कडू ते सांगून टाकतो. डायकॉम फायलींवर जे काही कराल ती पुनर्रचना नव्हे. ते तयार चित्राला घासूनपुसून चकचकीत करणं झालं. त्यावर शेकड्यानं पेपर पडलेत, तुमच्या गाइडनी कोरं पान दिलं ते बरंच केलं.

(मूळचा परभणीचा, याच विषयात बाहेर पीएचडी केली, म्हणून तोंड उघडतोय.)

पेटमध्ये घडतं काय? एफडीजी म्हणजे फ्लोरिन-१८ चिकटवलेली साखर. त्यातून पॉझिट्रॉन निघतो, मिलिमीटरभर इकडंतिकडं जाऊन इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही संपतात आणि ५११ केईव्हीचे (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं माप) दोन फोटॉन जवळपास विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतीच्या कड्यातल्या दोन डिटेक्टरांनी काही नॅनोसेकंदांच्या आत दोन्ही पकडले की त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या खात्यावर एक नोंद पडते. संपलं. स्कॅनरला एवढंच कळतं की या रेषेवर कुठंतरी काहीतरी झालं. अशा कोट्यवधी नोंदींना लिस्ट-मोड म्हणतात, रेषांनुसार बेरीज मांडली की सिनोग्राम. त्यातून चित्र काढणं ही पुनर्रचना. हॉस्पिटलच्या पॅक्सवर (चित्रं साठवायच्या यंत्रणेवर) फक्त शेवटचं चित्र जातं. कच्चा डेटा कन्सोलवर, म्हणजे स्कॅनर चालवणाऱ्या संगणकावर, राहतो आणि बहुतेक ठिकाणी जागा भरली की पुसला जातो.

आता जोडयंत्राची खरी गंमत. रेडिओलॉजिस्टला सीटीचं चित्र पेटखाली नकाशासारखं हवं असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पुनर्रचनेला सीटी त्याहून जास्त लागतं. ५११ केईव्हीच्या फोटॉनला पाणी दर सेंटिमीटरला ०.०९६ या गुणांकानं अडवतं. गणित करून बघा: २० सेंमी जाडीतून साधारण सातातली एक जोडी सुखरूप बाहेर पडते, ४० सेंमीतून शेकड्याला जेमतेम दोन. म्हणजे या घटीची दुरुस्ती केली नाही तर जाड माणसाचं पोट आतून काळंच दिसणार. सुदैव असं की एका फोटॉनचा रस्ता आणि दुसऱ्याचा रस्ता मिळून नेहमी ती अख्खी रेषा होते. घटना रेषेवर कुठंही घडो, जोडीची घट तेवढीच. ही घट सीटीवरून मोजता येते. १९९८ साली पिट्सबर्गला टाऊनसेंड आणि नट यांचा पहिला पेट-सीटी नमुना बसला, तेव्हापासून हे काम सीटीकडं आलं. त्याआधी किरणोत्सारी कांडी अंगाभोवती फिरवून बराच वेळ ट्रान्समिशन स्कॅन घ्यावा लागायचा.

आणि इथंच भांडण सुरू होतं. सीटीचे एक्स-रे सरासरी ७० केईव्हीच्या आसपास, पेटचे फोटॉन ५११ चे. म्हणून सीटीचे आकडे दोन उतारांच्या रेषेनं बदलून घेतात. हाड, मऊ ऊतक, हवा यांना ते चालतं. खुब्यात धातूचा सांधा असला किंवा दाट कॉन्ट्रास्ट औषध दिलेलं असलं की हिशेब चुकतो, घट जास्त धरली जाते आणि नसलेली गाठ चमकायला लागते. श्वासाचं दुखणं वेगळंच. सीटी काही सेकंदांत उरकतं, पेट मात्र एकेका टप्प्याला मिनिटं घेतं आणि रुग्ण श्वास घेतच असतो. मग यकृताच्या घुमटाशी केळ्याच्या आकाराची फिकट पट्टी उमटते, आणि यकृतातली गाठ फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसलेली दिसते.

दोन यंत्रं एका पलंगावर आणली म्हणून दोन मोजमापं आपोआप एकमेकांशी जुळत नाहीत. तुमचा प्रबंध त्या न जुळण्यात आहे. तिथं शोधा.

पेट-एमआरची कथा याहून अवघड आहे, पण ती आत्ता नको.

पूर्णा_जंक्शन

बाप रे. परभणीकर, मनापासून आभार. दोनदा वाचलं. पेट-एमआरचं पण सांगाच, अर्धवट सोडू नका.

परभणीकर

थोडक्यात सांगतो. एमआरला दिसतात प्रोटॉन, आणि फोटॉन अडवतात इलेक्ट्रॉन. हाड साध्या एमआर क्रमात काळं, हवाही काळीच. कवटी आणि सायनस यांत फरक करता आला नाही तर मेंदूच्या कडेची पेट गंडते. त्यावर हाडाचा क्षीण संदेश विझायच्या आत पकडणारे अति-अल्प एको-वेळेचे क्रम, आधीच्या अनेकांच्या स्कॅनवरून बनवलेले अ‍ॅटलास, आणि आता शिकवलेली मॉडेलं असे तोडगे आहेत. शिवाय डिटेक्टरातल्या प्रकाश मोजणाऱ्या जुन्या फोटोमल्टिप्लायर नळ्या चुंबकात चालत नाहीत, म्हणून डिटेक्टरच बदलावे लागले.

मला स्वतःला सगळ्यात सुंदर वाटतो तो तिसरा मार्ग: घटीचा नकाशा आणि किरणोत्साराचं चित्र, दोन्ही पेटच्याच डेटातून एकदम काढायचे. २०१२ साली डेफ्रीझ, रेझाई आणि नॉइट्स यांनी दाखवलं की टाइम-ऑफ-फ्लाइट माहिती असेल तर घट एका स्थिरांकापर्यंत ठरवता येते. (टाइम-ऑफ-फ्लाइट म्हणजे दोन फोटॉन पोचण्यातला वेळेचा फरक. ३०० पिकोसेकंदांची अचूकता असली तर घटना रेषेवर साडेचार सेंटिमीटरच्या पट्ट्यात सापडते.) पण यासाठी टाइम-ऑफ-फ्लाइटचा कच्चा डेटा लागतो. नांदेडातून सुरुवातीलाच याच्या मागं लागू नका.

वजाबाकी

मी अंबाजोगाईला गणित शिकवून निवृत्त झालो. यंत्र कधी जवळून पाहिलेलं नाही, पण "गणित किती लागतं" हा प्रश्न माझ्या वाटेचा आहे. वही-पेन्सिल घ्या.

दोन ओळी, दोन स्तंभ, चार घरं. घरात काय आहे ते माहीत नाही. ओळींच्या बेरजा ६ आणि ४, स्तंभांच्या ७ आणि ३. आता घरं भरा. वरच्या ओळीत ६, ० आणि खालच्या ओळीत १, ३ लिहिलं तर जमतं. वर ४, २ आणि खाली ३, १ लिहिलं तरी जमतं. दोन्ही चित्रं मोजमापाशी तंतोतंत जुळतात, आणि एकात गाठ आहे तर दुसऱ्यात पसरट डाग! आडवंतिडवं आणखी मोजलं की शक्यता कमी होतात, पण मोजण्यातच गोंधळ असला की शंका पुरती जात नाही.

आता शेप आणि वार्डी यांची १९८२ ची रीत याच चार घरांवर चालवा. सगळीकडं १ धरा. ओळींच्या बेरजा २, २ येतात, स्तंभांच्याही २, २. मोजलेल्याला अंदाजानं भागा: ओळींचे भागाकार ३ आणि २, स्तंभांचे ३.५ आणि १.५. प्रत्येक घराला त्याच्या दोन भागाकारांच्या सरासरीनं गुणा. वर ३.२५ आणि २.२५, खाली २.७५ आणि १.७५. एकूण बेरीज १०, ओळी ५.५ आणि ४.५, स्तंभ ६ आणि ४. एका फेरीत बऱ्यापैकी जवळ आलो की नाही? फेऱ्या चालू ठेवा. ऋण संख्या कधीच येत नाही, हा या रीतीचा मोठा गुण.

एवढं हातानं केलंत की बाकीचं रेषीय बीजगणित, प्वासाँ वितरण (मोजलेल्या नोंदींच्या चढउताराचं गणित) आणि इष्टतमीकरण हे तुम्ही एम.टेक.ला थोडंफार पाहिलेलंच असणार.

रेणापूर_फाटा

सर, वहीत करून बघितलं, जमलं की! इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कुणी असं सांगितलं नव्हतं.

परभणीकर

वजाबाकी सर, दंडवत. पुढचं एक वाक्य जोडतो. दवाखान्यात आज जे चालतं ते याच रीतीचं, हडसन-लार्किन यांनी १९९४ साली डेटाचे गट पाडून वेगवान केलेलं रूप. खऱ्या डेटावर फेऱ्या वाढवत गेलं की चित्र दाणेदार होत जातं, म्हणून थोड्या फेऱ्यांत थांबवतात आणि वरून पुसट करतात. हा व्यवहारी तोडगा आहे, सिद्धांत म्हणून त्यात राम नाही.

कोरडवाहू

एक विचारू का, राग मानू नका. ह्या पिकोसेकंदांचा आमच्या मुलखाला उपयोग काय? आमच्या तालुक्याला साध्या सोनोग्राफीला नंबर लागंना. माझ्या चुलत्याला मागं पेट-सीटीला नेलं. पहाटे गाडी केली, म्हातारा उपाशी, तिथं गेल्यावर सांगायलेत की आज डोसच आला नाही, उद्या या. मुक्कामाचा खर्च कुणाच्या माथ्यावर? आन् तुम्ही इथं चार घरांच्या बेरजा करायलेत.

शिशाची_पेटी

कोरडवाहू काका, तुमचं बोलणं लागलं, कारण "डोस आला नाही" हे वाक्य सांगायला मीच समोर उभा असतो. संभाजीनगरात पेट-सीटीवर टेक्नॉलॉजिस्ट आहे (तुमच्या चुलत्यांचा किस्सा आमच्याकडचा नसावा, पण असू शकतो).

डोस साठवून ठेवता येत नाही. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांना निम्मं होतं. सायक्लोट्रॉनपासून (हे द्रव्य बनवणाऱ्या यंत्रापासून) साडेपाच तासांवर असाल तर तीन वेळा निम्मं, आठवा हिस्सा उरला. मुंबईहून लातूरला रस्त्यानं नऊ तास धरले तर पाच वेळा निम्म्याच्या जवळ, बत्तिसाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणून तिकडून निघतानाच हिशेबानं जास्त भरून देतात. पण घाटात ट्रॅफिक लागलं, एखाद्या रुग्णाची साखर वाढलेली निघाली, कुणी सकाळी चहा पिऊन आला, की रांग पुढं सरकते आणि शेवटच्या माणसाला जे उरलं ते. मग आम्ही त्याला टेबलावर जास्त वेळ ठेवतो. कंबरदुखीचा म्हातारा हात डोक्यावर घेऊन किती वेळ निजणार? हलतोच. आणि हलला की वर परभणीकरांनी लिहिलंय ते सगळं होतं.

तुमच्या संशोधनाला उपयोगी म्हणून आणखी एक. चित्रात जे चमकतं ते सगळं गाठीचं नसतं. आदल्या दिवशी कापूस वेचून आलेल्या बाईचे खांदे-दंड चमकतात. इंजेक्शननंतर तासभर गप्प बसा म्हणून सांगितलेलं असतं, तरी एखादे काका गुपचूप सुपारी चघळत बसतात, त्यांचे जबड्याचे स्नायू दिव्यासारखे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांची आतडी. मॉडेल शिकवताना "चमक म्हणजे रोग" असं शिकवलंत तर आमच्याकडचे निम्मे शेतकरी आजारी निघतील.

परभणीकर

पूर्णाताई, तुमचं कोरं पान भरलं बघा. कोरडवाहूंनी रागानं आणि शिशाची_पेटी यांनी शांतपणे एकच विषय दिलाय: कमी नोंदींची पेट. डोस उतरलेला, वेळ वाढवता येत नाही, तरी वाचता येईल असं चित्र. नोंदी चौपट कमी झाल्या की सापेक्ष गोंधळ दुप्पट. हे मुंबईतल्या केंद्राला कमी आणि सायक्लोट्रॉनपासून लांबच्या केंद्राला जास्त छळतं.

याचा डेटाही तुलनेनं सोपा. पूर्ण नोंदींचा एक लिस्ट-मोड स्कॅन मिळाला की त्यातल्या नोंदी नाणेफेकीनं गाळायच्या. प्वासाँ गाळला तरी प्वासाँच राहतो, त्यामुळं अर्धा, पाव, दशांश डोसाचे स्कॅन एकाच रुग्णाकडून मिळतात आणि तुलनेला पूर्ण चित्र हाताशी असतंच.

(मान्य आहे, खरा उशिराचा डोस म्हणजे नुसता गाळलेला स्कॅन नव्हे. नोंदी कमी झाल्या की खोट्या जोड्यांचं (वेगवेगळ्या घटनांतले दोन फोटॉन योगायोगानं एकदम पकडले गेले की होणाऱ्या) प्रमाण आणखी वेगानं उतरतं, आणि डिटेक्टरातल्या लुटेशियमच्या स्फटिकांचा स्वतःचा किरणोत्सार मात्र तसाच राहतो. प्रबंधात हे एका प्रकरणात लिहा, परीक्षक खूश होतात.)

पूर्णा_जंक्शन

हे भारी आहे! मग कमी नोंदींच्या चित्राला सीटीचा आधार द्यायचा का? म्हणजे सीटीत जिथं कडा आहे तिथं पेटमध्ये कडा राहू द्यायची, बाकी ठिकाणी गुळगुळीत?

परभणीकर

बरोब्बर. बाऊशर यांची पद्धत बघा: शरीररचनेच्या चित्रात जे शेजारी ठिपके एकसारखे दिसतात, फक्त त्यांच्याच पेटच्या किमती एकमेकांजवळ ओढायच्या. मेंदूच्या पेट-एमआरला हे छान चालतं, कारण एमआरमध्ये करडा आणि पांढरा भाग वेगळा दिसतो.

पण पेट-सीटीतलं सीटी बऱ्याचदा कमी मात्रेचं, कॉन्ट्रास्टशिवाय असतं. यकृतातली गाठ त्यात आसपासच्या यकृतासारखीच करडी. मग तुमची पद्धत इमानेइतबारे त्या गाठीला यकृतात मिसळून टाकणार. चित्र गुळगुळीत, देखणं, आणि रुग्णाची गाठ गायब. पेट काढली कशासाठी होती? सीटीत न दिसणारं दिसावं म्हणून!

डीप लर्निंगलाही हाच प्रश्न विचारा. २०२० साली अँटुन, हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पुनर्रचनेची शिकवलेली न्यूरल नेटवर्कं इनपुटमधल्या बारीकशा बदलानं भलतंच चित्र देऊ शकतात आणि छोटे तपशील गिळू शकतात. मी डीप लर्निंगच्या विरोधात नाही. पण "चित्र किती छान दिसतं" हे मोजमाप घेऊन कुणी आलं की मी उठून जातो.

उगाच_आपलं

मी अजून इथंच आहे. परीक्षेचा अभ्यास राहिला बाजूला.

कोरडवाहू

म्हणजे मशीन नवं न घेता, आहे त्या डोसात काम भागंल असं म्हणायचंय का? तसं असलं तर करा बुवा ताई. पण आधी माणसाला फोन करून सांगत जा म्हणावं डोस येणार का नाही ते. त्याला काय पीएचडी लागत नाही.

शिशाची_पेटी

काका, +१००. ते खरंच आमच्याकडून व्हायला पाहिजे.

पूर्णा_जंक्शन

दोन दिवस बसून पान लिहिलं. शीर्षक असं: कमी नोंदींच्या पेट-सीटीत सीटीच्या आधारानं केलेल्या पुनर्रचनेत, सीटीत न दिसणाऱ्या यकृतातल्या गाठी कितपत टिकतात. गाइडना दाखवलं. पहिल्यांदाच "बरं" म्हणाले.

सुरुवात सिम्युलेशननं करणार. स्टर हे पुनर्रचनेचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलंय. सिम्युलेशनचं गेट शिकतेय, पण त्याच्या मॉन्टे कार्लोला (एकेक फोटॉन यदृच्छेनं सोडून बघायच्या रीतीला) माझा लॅपटॉप रात्रभर धापा टाकतो, आणि मध्येच लाईट जाते ते वेगळंच. कॉलेजात एक जीपीयू आहे, त्यावर अंतिम वर्षाच्या मुलांची रांग.

परभणीकर

पहिलं वर्ष गेट नकोच. द्विमितीत, साध्या प्रोजेक्टरनं (चित्रावरून रेषांच्या बेरजा काढणाऱ्या प्रोग्रामनं), लॅपटॉपवर मिनिटांत होईल असं करा. फक्त एक पथ्य: ज्या प्रोजेक्टरनं डेटा बनवला त्याच प्रोजेक्टरनं, ठिपक्यांच्या त्याच जाळीवर पुनर्रचना करू नका. आमच्यात त्याला सरळ गुन्हाच म्हणतात. उत्तरं खोटी चांगली येतात. डेटा बारीक जाळीवर बनवा, त्यात विखुरलेले फोटॉन आणि खोट्या जोड्या घाला, मग जाड्या जाळीवर सोडवा. स्टर आणि त्यावरचं सर्फ दोन्ही मोफत आहेत, कॅस्टर हे पुनर्रचनेचं सॉफ्टवेअरही. मेंदूवर हात बसवायचा असेल तर ब्रेनवेबचे नमुने मोफत मिळतात.

वजाबाकी

आणि एका चित्रावरून निष्कर्ष काढू नका. तोच नमुना, तीच गाठ, गोंधळ मात्र दरवेळी नवा, अशा पुष्कळ आवृत्त्या काढा. मग गाठीची सरासरी किंमत खरीपासून किती सरकली आणि आवृत्तीगणिक किती हलते, हे दोन्ही आकडे एकत्र मांडा. नुसतं गुळगुळीत केलं तर दुसरा आकडा सुधारतो आणि पहिला बिघडतो. दोन पद्धतींची तुलना करायची तर एक आकडा समान ठेवून दुसरा बघा. बरेच लोक हे टाळतात, का ते तुम्हाला करून बघितल्यावर कळेल.

रेणापूर_फाटा

पैशांचं काय? मी पूर्णवेळ करायच्या विचारात आहे, म्हणून विचारतोय.

परभणीकर

नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती) असेल तर २०२३ पासून महिना ३७,०००, पुढं तिच्या वरच्या पायरीला, एसआरएफला, ४२,०००. त्याशिवाय आपापल्या प्रवर्गाप्रमाणे सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, जाहिरातीवर डोळा ठेवा. पूर्णाताईंना नोकरी सांभाळून अर्धवेळ करायचं तर संस्थेचं ना-हरकत लागेल. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत किमान तीन वर्षं, कमाल सहा, आणि स्त्रियांना वर आणखी दोनांची सवलत आहे.

शिशाची_पेटी

पूर्णाताई, यकृत निवडलंत म्हणजे श्वास आलाच. तुमच्या नमुन्याचं यकृत स्थिर असेल तर आमचे डॉक्टर पहिल्याच स्लाइडला विचारतील, "हा माणूस श्वास घेत नाही का?" पहिला पेपर स्थिर करा, पण दुसऱ्यात हलतं घ्याच.

आणि खऱ्या डेटाबद्दल. रुग्णांचा कच्चा डेटा मागायला गेलात तर एथिक्स कमिटी, निनावीकरण, संमती, सगळं येईल, आणि ते यायलाच पाहिजे. त्याला वेळ लागतो. तोवर फँटम (स्कॅनर तपासायचा, माणसाच्या धडाच्या आकाराचा डबा) मागा. आतल्या सहा गोळ्या १०, १३, १७, २२, २८ आणि ३७ मिमीच्या असतात. एफडीजी भरून आम्ही तो गुणवत्ता तपासणीला वापरतोच. त्यात माणूस नाही, त्यामुळं परवानगी विभागप्रमुख आणि आरएसओ (किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) यांच्या पातळीवर होऊ शकते. १० मिमीची गोळी पूर्ण डोसातही फिकी दिसते. पाव नोंदींत तुमची पद्धत तिला धरून ठेवते का, ते आधी बघा. गोळ्यांच्या भिंती सीटीत दिसतात, त्यामुळं सीटीचा आधार देताना त्या नकाशातून पुसून टाकाव्या लागतील. नाहीतर आयतंच उत्तर मिळेल.

पत्र गाइडच्या सहीनं, विभागप्रमुखांच्या नावे. लिस्ट-मोड हवाय हे स्पष्ट लिहा, नाहीतर तुम्हाला डायकॉमची सीडी देऊन मोकळे होतील. आणि कन्सोलला बाहेरची डिस्क लावायला कंपनीच्या इंजिनिअरची परवानगी लागते, ती मागणी पण त्याच पत्रात घाला. स्कॅन झाल्यावर मागितलीत तर तोपर्यंत डेटा पुसलेला असेल.